कमल जगदाळे बसत नसे

ये गं सई, अशी जवळ ये. तो मोबाईल उलटा ठेव आधी. मला तुला रागवायचंय, आणि रागावताना समोरचं माणूस मोबाईलमध्ये बघत असलं की माझा राग फुकट जातो. गाझियाबादहून द्वारकेला मेट्रो येते ना तुमच्याकडून? मग चार चार महिने तोंड दाखवत नाहीस ती का? आणि बातम्या मला तुझ्या आईकडून कळतात. पोरगी दर महिन्याला दोन दिवस बिछान्यातून उठत नाही म्हणे. जिना चढली की धापा टाकते म्हणे. मी फोनवर विचारलं तर काय म्हणालीस? "मावशीआजी, नॉर्मल आहे हो. माझं आधीपासून जास्तच असतं. चलता है."

हे 'चलता है' मी आधी ऐकलंय. अगदी याच सुरात. जिच्या तोंडून ऐकलं तिच्याबद्दल तुला सांगायचंय, आणि बोलायला बसले की मी भलतीकडे जाते म्हणून या वेळी लिहून काढलंय. वाच. चहा मी टाकते.

कमल जगदाळे आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा आणि आमचे हे एकाच सरकारी खात्यात. सरोजिनी नगरला आमची क्वार्टर्स पाठीला पाठ लावून. माणूस भला होता, जरा अबोल. एक दिवस ऑफिसातून आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि रिक्षा मिळेपर्यंत संपला. कमल तेव्हा सदतीस-अडतीसची. पोरगी प्राची दहा-अकराची. सासूबाई घरातच, त्यांना सगळे माई म्हणायचे. नवऱ्याच्या जागी कमलला नोकरी लागली. अनुकंपा म्हणतात त्याला. बारावी झालेली बाई, टाइपिंगच्या क्लासला जाऊन परीक्षा देऊन क्लार्क झाली. तिच्या त्या नोकरीवर तीन माणसं जेवत होती, एवढं लक्षात ठेव.

दोन्ही नवऱ्यांनी मिळून द्वारकेच्या एका सोसायटीत नाव घातलं होतं, कधीकाळी. हप्ते भरता भरता एक जण गेला, आणि मग फ्लॅट मिळाले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. तुला आजची द्वारका दिसते. तेव्हा इथे झाड नव्हतं. पाणी टँकरने यायचं, लिफ्टचं नुसतं भोक होतं, त्यात पोरं खडे टाकायची. संध्याकाळी धूळ अशी यायची की सकाळी पुसलेल्या टेबलावर बोटाने नाव लिहावं. आणि रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहत होते. पूल नाही, गाडी नाही, नुसते खांब.

त्या खांबांकडे बघून कमल म्हणायची, "काकू, बघा, माझे भाऊबंद आलेत."

कारण ती बसत नसे. कधीच नाही. कुणाच्या घरी गेली की दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी. चहा उभ्याने, गप्पा उभ्याने, आजाऱ्याची विचारपूस उभ्याने. बसमध्ये लेडीज सीट रिकामी असली तरी ही दांडा धरून. मी शेजारी बसलेली असताना एकदा कंडक्टर म्हणाला, "मैडम, बैठने के पैसे अलग नहीं लगते." तर ही म्हणते, "भैया, खड़े होकर मैं जल्दी पहुँचती हूँ." सगळी बस हसली. ती पण हसली. मी मात्र मनात म्हटलं, काय ही ऐट! वर्षानुवर्षं मी त्याला ऐटच समजत होते. आमच्यातल्या एकदोघी तर तिला माघारी 'उभी जगदाळीण' म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलंय.

तिच्या साड्या सगळ्या गडद. तपकिरी, गडद जांभळी, बाटलीसारखी हिरवी. लोकांना वाटायचं नवरा गेल्यामुळे. खांद्यावरच्या पिशवीत घडी घातलेली एक शाल, जूनमध्ये सुद्धा. दिल्लीचा जून, सई! आणि कमरेला खोचलेली एक छोटी डबी, तंबाखूची असते तशी. त्यात कच्चे तांदूळ. बोलता बोलता चिमूट तोंडात टाकायची आणि कुटुकुटु चावायची. मी म्हणायचे, "अगं, लग्नात पाऊस पडतो तांदूळ खाल्ले की." तर म्हणे, "लग्न झालं, पाऊस पडला, आणि वाळलं पण काकू. आता खाऊ द्या."

अशी बोलायची. चेहरा पांढराफटक, ओठ सुद्धा पांढरे, आणि त्यातून हे असलं काहीतरी निघायचं.

सोसायटीत आम्ही पंधरा-सोळा मराठी घरं. कुणी पुण्याचे, कुणी मुंबईचे, कंपन्यांतून बदलून आलेले, दोन घरं फौजेतली. हॉलमध्ये गणपती बसवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी उकडीचे मोदक, तीनशे-साडेतीनशे, सगळ्या बायकांनी मिळून हॉलमागच्या स्वयंपाकघरात करायचे. बाहेर आम्ही कितीही मॉडर्न, यार-यार करणाऱ्या. पण त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सगळ्या आपापल्या आजीच्या नाती व्हायच्या. अडचण असेल तिने आत यायचं नाही. हे कुणी कुणाला सांगायचं नाही, जिला असेल ती आपली बाहेर राहायची.

कमल दर वर्षी बाहेर. पहिल्या वर्षी वाटलं, तारीख आली असेल. दुसऱ्या वर्षी पण? तिसऱ्या? तिने स्वतःच एक काम काढून घेतलं होतं. चपला. हॉलच्या पायऱ्यांशी उभी राहून सगळ्यांच्या चपला जोडीने लावायची, आणि निघताना न विचारता ज्याची त्याला पुढे करायची. माणसं चपलांवरून ओळखायची. मला म्हणाली, "काकू, डावी टाच पार झिजलीये तुमची. उजवा गुडघा दुखतो ना? दाखवा कुणाला तरी." मी कुणालाच सांगितलं नव्हतं गुडघ्याचं. आणि आमच्या ह्यांना, "काका, तुमच्या चपलेला शेण लागलंय, म्हणजे तुम्ही आज फिरायला नाही, डेअरीमागे सिगरेट ओढायला गेला होतात." घरी केवढं भांडण झालं आमचं!

बिचारी दुसऱ्यांचं सगळं ओळखायची. तिचं कुणी ओळखलं नाही. मी तर नाहीच.

मला कळलं ते सोफ्यामुळे. आम्ही नवा सोफा घेतला होता, फिकट मलई रंगाचा, आयुष्यातला पहिला. सोसायटीचे काही कागद होते, पाच-सहा ठिकाणी सह्या करायच्या होत्या. आमचे हे म्हणाले, "वहिनी, आज बसल्याशिवाय चहा नाही. काय, आमच्या सोफ्याला काटे आहेत?" ती नको नको म्हणत होती. ह्यांनी अगदी हात जोडले. बसली. दहा मिनिटं असेल-नसेल. उठली तेव्हा पदर मागून गुंडाळून घेतला, गादी सारखी केल्यासारखं केलं, आणि चहा अर्धा टाकून गेली.

संध्याकाळी झाडताना पाहिलं तर गादी उलटी. सरळ केली. तळहाताएवढा डाग.

सई, मला दया नाही आली. राग आला. नव्या सोफ्यावर! आणि वर न सांगता उलटी करून गेली! दोन दिवस मी जिन्यात तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती आली. हातात वाटीभर मीठ आणि एक जुना टॉवेल. गादीचं कव्हर काढलं, बाथरूममध्ये उकिडवी बसली आणि धुवायला लागली. मी म्हटलं, गीझर लावते. तर एकदम म्हणाली, "गरम नाही काकू. गरम पाण्याने डाग पक्का होतो. थंड, आणि मीठ." इतक्या सराईतपणे म्हणाली की मी तिथेच दारात खाली बसले.

"किती दिवस चाललंय हे?"

"हे गेले तेव्हापासून म्हणा. पाच वर्षं."

"तसं नाही गं. महिन्यातले किती दिवस?"

"बारा. कधी पंधरा. एखाद्या महिन्यात थांबतच नाही." ती कव्हर चोळत होती. "चलता है काकू. माझ्या आईचं पण असंच होतं. बाईचं शरीर."

"म्हणून तू बसत नाहीस."

"ऑफिसात बसावंच लागतं ना. तिथे खुर्चीवर शाल घालते. एकदा खुर्ची खराब झाली होती. त्या दिवशी सगळे जाईपर्यंत उठलेच नाही. शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा उठले." मग हसून म्हणाली, "म्हणून बाकी ठिकाणी उभी राहून भरपाई करते."

रजा सगळ्या संपल्या होत्या तिच्या. साहेबाने लेखी विचारलं होतं, वारंवार गैरहजर का म्हणून. ती कागदावर काय लिहिणार? 'पोटदुखी' लिहायची. साहेब म्हणाला होता, पोट इतकं दुखतं तर नोकरी झेपते का ते बघा. आणि ती नोकरी गेली असती तर माई, प्राची आणि ती, तिघी कुठे जाणार होत्या?

सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं एकदा. तिथे 'पिशवी काढून टाका' असं दोन मिनिटांत सांगितलं, आणि रक्त तपासल्यावर म्हणाले, हिमोग्लोबिन सहा आहे, आधी रक्त वाढवा, मग ऑपरेशन. वाढवायचं कुठून? आत भरतंय त्याच्या दुप्पट बाहेर.

मीच तिला मार्केटमधल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पंजाबी, साठीच्या, मोठं कुंकू, टेबलावर भाजलेले शेंगदाणे. कमलचे डोळे खाली ओढून बघितले, नखं बघितली, आणि पहिला प्रश्न काय, तर "मिट्टी खाती हो? चॉक? कच्चे चावल?" कमलने कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली. चोरी पकडल्यासारखी. बाई म्हणाल्या, "रख लो. ये तुम नहीं खा रही, तुम्हारा खून माँग रहा है. लोहा नहीं बचा शरीर में."

सोनोग्राफी झाली. आतल्या अस्तराचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. वाईट काही निघालं नाही, मोठी गाठ नाही. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक नमुना काढून दाखवला. एवढंसं, इंग्रजी टी सारखं, पांढरं, खाली दोरा.

मी चमकले. "डॉक्टरसाहेब, ही तर तांबी! ही बसवून तर आणखी जातं. सरोजिनी नगरला नर्सबाईने बसवली होती मला, महिना महिना हैराण झाले होते."

बाईंना मराठी कळत नव्हतं, पण 'तांबी' कळलं. शांतपणे दुसरा नमुना काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. "ये ताँबे वाली है, माताजी. इससे खून बढ़ सकता है, आप सही कह रही हैं. और ये दूसरी, इसमें ताँबा नहीं, दवा है. हार्मोन. रोज़ ज़रा-ज़रा सी छोड़ती है, वहीं, जहाँ ज़रूरत है. अंदर की परत पतली रहती है, तो खून कम आता है. पाँच साल चलेगी. पहले तीन-चार महीने थोड़ा-थोड़ा दिखता रहेगा, कभी भी. घबराकर निकलवाने मत आ जाना. और लोहे की गोली साथ में."

नवीनच आलं होतं तेव्हा हे आपल्याकडे. आम्ही दोघींनी नावही ऐकलं नव्हतं. कमल त्या दोन पांढऱ्या टी-कडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पर मैडम, ये तो बच्चा न होने के लिए लगाते हैं. मैं तो विधवा हूँ."

डॉक्टरीणबाईंनी शेंगदाणा सोलता सोलता तिच्याकडे पाहिलं. "तो? खून पूछकर आता है क्या कि साहब घर पे हैं या नहीं?"

मला हसू आलं. कमलला नाही आलं. रिक्षात ती म्हणाली, "काकू, तुम्ही हसलात. पण कुणाला कळलं तर कुणी दवा म्हणणार नाही. तांबीच म्हणतील. तुम्हीच म्हणालात ना?"

महिनाभर विचार करत होती. त्या महिन्यात सोळा दिवस गेले, आणि ऑफिसच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली. मग म्हणाली, चला. पण एक अट. हे फक्त तिच्या-माझ्यात. माईंना नाही, प्राचीला नाही, आमच्या ह्यांना सुद्धा नाही. मी देव्हाऱ्याकडे बोट करून शपथ घेतली.

अर्धी रजा काढून शुक्रवारी दुपारी गेलो. थोडा वेळ लागला. बाहेर आली तेव्हा ओठ चावलेला होता, पोटात कळ होती. घरी माईंना सांगितलं, दाढ काढली. त्यापायी दोन दिवस गालात कापूस धरून बसली, आणि माईंनी मायेने लवंगतेल लावलं चांगल्या दाताला. तिने मला हे सांगितलं तेव्हा हसून हसून आमच्या दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. माई वाईट नव्हत्या गं. ते पण सांगून ठेवते.

पहिले तीन महिने वाईट गेले. रोज थोडं थोडं. ती जिन्यात मला गाठून म्हणायची, "फुकट गेलं काकू. काढून टाकते." मी म्हणायचे, बाईंनी सांगितलंय ना, थांब. चौथ्या महिन्यात कमी झालं. सहाव्या महिन्यात म्हणाली, दोन दिवस, आणि ते पण नावाला. आठव्या महिन्यात काहीच नाही. रक्त तपासलं, साडेदहा. ओठांना रंग आला. तांदळाची डबी आपोआप सुटली, तिच्या लक्षात पण आलं नाही.

एका रविवारी दुपारी आली. पिवळी साडी. आमच्या हॉलमध्ये शिरली, सोफ्यासमोर थांबली आणि मला विचारलं, "बसू?" मी म्हटलं, बस की गं. बसली. मागे टेकली. आम्ही बोलत होतो, बोलता बोलता तिला झोप लागली. बसल्या बसल्या, तोंड उघडं. मी पंखा वाढवला आणि चार वाजेपर्यंत फोन काढून ठेवला.

इथपर्यंत चांगलं आहे, सई. इथपर्यंतच लिहायचं असतं तर किती बरं झालं असतं.

त्याच वर्षीचा गणपती. सकाळी सात वाजता आम्ही स्वयंपाकघरात. उकड तयार होत होती, कुणी नारळ खवतंय, कुणी गूळ चिरतंय. माई स्टुलावर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. आणि कमल आत आली. न्हाऊन, ओले केस बांधून. तूप-पाण्याचा हात घेतला आणि उकड मळायला लागली. अगं, काय हात होता! मी तोवर पाहिलाच नव्हता. पारी इतकी पातळ की खालची बोटं दिसावीत, आणि कळ्या एकवीस, मोजून घ्या. पाचव्या मोदकाला तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. प्राची दाराशी उभी राहून बघत होती. तिला पण नवलच वाटलं असेल, आई आत.

आमच्यातल्या एक बाई होत्या, नाव नको. सोवळं फार. त्या गूळ चिरता चिरता म्हणाल्या, "कमल, आज आत कशी? तुझं तर नेहमीच असतं. देवाचं काम आहे बाई, विचारून ठेवलेलं बरं."

कमलचे हात थांबले. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. आणि तो मोदक तिच्या हातातच, अर्धवट मिटलेला.

मला सहन झालं नाही. मला वाटलं, हिला आता परत चपलांकडे पाठवतील. मी म्हटलं, आणि मोठ्यांदा म्हटलं, "तिला आता अडचण येतच नाही! आठ महिने झाले, तिने ते आतलं बसवून घेतलंय डॉक्टरांकडून. पूर्ण बंद आहे. बिल्कुल शुद्ध आहे ती!"

शुद्ध. हा शब्द वापरला मी.

मग त्या बाईंनी विचारलं, अगदी हळू, "आतलं म्हणजे? तांबी?" आणि माईंकडे बघून, "विधवेला?"

मी सांगायला लागले, की तशी नाही, हार्मोनवाली, दवा असते त्यात, तांब्याची वेगळी, डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दाखवल्या. जितकं सांगावं तितकं ते घाण व्हायला लागलं. बारा बायकांसमोर मी तिच्या आतलं सगळं बाहेर काढून मांडत होते, आणि मला थांबता येईना. कमलने हातातला मोदक पूर्ण केला. शेंडी नीट वळली, ताटात ठेवला. हात धुतले आणि बाहेर गेली. दाराशी प्राची होती, तिने आईला वाट दिली. अंग चोरून दिली. मी पाहिलं ते.

माई त्या दिवशी प्रसादाला थांबल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दाढ काढली म्हणालीस तो शुक्रवार का?" आणि तेव्हापासून सुनेच्या हातचं पाणी बंद. कमलने समजावलं. डॉक्टरांचे कागद दाखवले. मी वर जाऊन पायाशी बसले. माई म्हणाल्या, "तुम्ही नका बोलू. दवा असती तर चोरून का घेतली असती? काढून ये म्हणावं. नाही तर मी धाकट्याकडे नाशिकला जाते." त्यांच्याही मुलाची जागा होती ना ती, सई. त्यांना कुणी तरी त्याच्या जागेवर पाय ठेवल्यासारखं वाटलं असेल. आता वाटतं असं. तेव्हा मला नुसता राग येत होता, त्यांचा. स्वतःचा यायला वेळ लागला.

कमलपुढे दोनच गोष्टी होत्या. काढून टाकायचं, म्हणजे घर राहील आणि परत ते पंधरा दिवस, ती शाल, तो साहेब. किंवा ठेवायचं.

ती एका संध्याकाळी माझ्याकडे आली. दारातच थांबली.

"काढणार नाही मी," म्हणाली. "हे सांगायला आले. तुम्हाला वाटत असेल, काय करेल."

मी रडायला लागले. म्हटलं, "कमल, मी तुझ्या भल्यासाठी गं, तुला आतून हाकलतील म्हणून..."

"माहीत आहे. तुम्ही खोटं बोलला नाहीत काकू. पण खरं सांगायला तुम्हाला तेवढीच जागा सापडली?" मग माझ्याकडे बघून जराशी हसली. "तुमची जीभ मला माहीत होती. माझीच चूक. खूप दिवसांनी कुणाला तरी काही सांगितलं होतं ना, बरं वाटत होतं."

शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहीत नसते.

माई नाशिकला गेल्या. प्राची आईबरोबर राहिली, पण बोलणं तुटलं. सोळा-सतराचं वय, ट्यूशनला याच बायकांच्या मुली. शाळेत कुणीतरी काही म्हणालं असणार. कमलने बदली मागितली. नागपूरला तिच्या खात्याचं ऑफिस होतं. तिकडे कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून तेच मागितलं. प्राचीची बारावी होताच घर भाड्याने देऊन गेली.

मी गेले नाही नागपूरला. हे नीट वाच, कारण यातलं एकही कारण खरं नाही. आधी गुडघा. मग सुनेचं बाळंतपण. मग ह्यांचं डोळ्याचं ऑपरेशन. फोनवर बोलायचो, दिवाळीला, संक्रांतीला. तिने कधी तो विषय काढला नाही, आणि मी कधी माफी मागितली नाही. फोनवर कशी मागणार, समोर गेल्यावर मागू, असं म्हणत राहिले. समोर जायला तोंड नव्हतं, म्हणून गेले नाही. आणि गेले नाही म्हणून मागितली नाही. असं वर्षानुवर्षं चालतं बरं का. कळत पण नाही.

मग प्राचीचा फोन आला. डेंगीचा ताप, सहाव्या दिवशी कमल गेली. पन्नाशी पण गाठली नाही. प्राची फोनवर बराच वेळ बोलत होती, एकदम मोठ्या बाईसारखी. पाच वर्षं झाल्यावर आईने तिथे दुसरं बसवून घेतलं होतं म्हणाली, आणि या वेळी तीच बरोबर गेली होती. शेवटी शेवटी मायलेकी बोलत होत्या, हे ऐकून मला जरा श्वास आला. माई मात्र दहाव्याला आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, त्या तांबीनेच खाल्ली माझ्या सुनेला. प्राची म्हणाली, आजी, डासाने. कुणी ऐकलं नाही.

तर सई, तुला मी शनिवारची वेळ घेऊन ठेवलीये. त्या डॉक्टरीणबाई आता नाहीत, त्यांची मुलगी बसते. ती आधी रक्त तपासेल, सोनोग्राफी करेल. तुला गोळ्यांवर भागेल, की असलं काही बसवायचं, की आणखी काही, ते ती आणि तू ठरवा. मला सांगू नकोस. खरंच सांगू नकोस. मी बाहेर बाकावर बसेन.

आता थोडंच राहिलंय.

कमल नागपूरला निघाली त्या दिवशी निजामुद्दीन स्टेशनला मी पोचवायला गेले होते. आमचे हे सामान चढवत होते. मे महिना, पत्र्याखाली भट्टी पेटलेली. प्राची वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्यासारखं करत होती. कमल खिडकीशी. मी डब्याबाहेर, गजांना धरून. मी आयुष्यभर बोलत आलेली बाई, आणि त्या दिवशी पाण्याची बाटली घेतलीस का, हे तीनदा विचारलं. तिने तीनदा हो म्हटलं.

गाडीने धक्का दिला. मी हात काढला, तर तिने गजांतून तो परत धरला आणि गाडीबरोबर मी चार पावलं चालले. घाम होता दोघींच्या हाताला. निसटलाच. मग ती खिडकीला गाल लावून ओरडली, आवाजात राग नाही, काही नाही, जिन्यातून हाक मारायची तशी:

"काकू, एकच खोली आहे मिळालेली, पण तुमची गादी घालते मी! पत्र-बित्र नका पाठवू, तशाच या! लवकर या काकू!"